पलीकडच्या पडवीतला दिवा

अनंतदादा गेला ती सकाळ माझ्या लक्षात राहिली ती गारव्यामुळे. मे महिना, उजाडल्या उजाडल्या अंगाला चिकचिक, वाऱ्याचा पत्ता नाही, आणि मी ओल्या हातांनी सुपारीच्या वाडीतून त्याच्या घराकडे धावत सुटले होते. मुंबईहून सुट्टीला आलेल्या त्याच्या मुलाने, सचिनने, कुंपणापाशी येऊन हाक मारली होती, "आत्या, लवकर ये, बाबा उठत न्हाय." पडवी ओलांडली, माजघर ओलांडलं आणि घरामागे बांधलेल्या नव्या खोलीत शिरले. त्या खोलीत मी तोवर कधी पाऊल ठेवलं नव्हतं. खोली गार होती. बाहेरच्या काहिलीतून आत आल्यावर अंगावर काटा यावा इतकी गार. दादा पलंगावर पांघरूण घेऊन झोपल्यासारखा पडला होता, नलूवहिनी त्याच्या पायाशी बसली होती, आणि मला वाटलं, माणूस गेला की घर असंच गार पडत असेल... मग डोक्यावर काहीतरी घुरघुरलं म्हणून वर बघितलं. भिंतीवर पांढराशुभ्र एसी होता आणि त्याच्यावर हिरवा आकडा चमकत होता. "मुंबईची माणसं येईपर्यंत बंद करू नका," असं सचिन कुणाला तरी सांगत होता. माझ्या डोळ्यांत आलेलं पाणी तिथल्या तिथे थांबलं. ते अजून थांबलेलंच आहे. ज्या भावाने मला वाढवलं त्याच्यासाठी मी अजून रडलेले नाही.

वाचणाऱ्याला वाटेल, म्हाताऱ्या माणसाने उन्हाळ्यात एसी लावला तर एवढं काय बिघडलं? ते कळायला दादाची ओळख करून द्यायला हवी. दादा माझा चुलत भाऊ, माझ्याहून बराच मोठा. माझे वडील लवकर गेले, त्यामुळे पाटी-पुस्तकापासून लग्नातल्या पाठवणीपर्यंत जे काही केलं ते त्यानेच. लग्न होऊनही मी लांब गेले नाही. माझं माहेर आणि सासर काशीद-मुरुड रस्त्यावरच्या एकाच गावात, मधे फक्त ती सुपारीची वाडी. दादाची नोकरी टेलिफोन खात्यात, मुरुडच्या एक्स्चेंजमध्ये. मी शाळेत असताना एकदा तो मला तिथली बॅटरीची खोली दाखवायला घेऊन गेला होता. लाकडी घोड्यांवर ओळीने मांडलेल्या मोठमोठ्या बॅटऱ्या, नाकाला झोंबणारा आंबूस वास, आणि देवघरात बोलावं तसा हळू आवाजात बोलणारा दादा. "गावात लाईट जाते, पण फोन कधी गेलेला बघितलायस?" मी मान हलवली. "कारण फोन खांबाच्या विजेवर चालतच न्हाय. तो ह्या खोलीवर चालतो." आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात दिष्ट विद्युतधारा नावाचा एक रुक्ष धडा होता, तो म्हणजे ही खोली, हे मला त्या दिवशी कळलं. दादा तिला सरळ वीज म्हणायचा. एका दिशेने निघाली की त्याच दिशेने जाणारी. खांबावरून येणारी वीज एका सेकंदात कितीतरी वेळा पुढे-मागे होते, असं सांगून तो डोळे मिचकावायचा आणि म्हणायचा, "अशा बाईवर काय भरवसा ठेवायचा गो?"

निवृत्त झाल्यावर लोक वाडी बघतात, देवळाच्या समितीत जातात. दादाने सरळ विजेचं वेड घेतलं. आपल्या घरातला मीटर त्याने काढून टाकायला लावला तेव्हा वीज मंडळाचा वायरमनसुद्धा त्याला, "काका, बरं न्हाय का वाटत?" असं विचारून गेला. दादाचं म्हणणं ऐकायला सोपं होतं. सूर्य सरळ वीज देतो. बॅटरी सरळ वीज साठवते. मोबाईल, टीव्ही, हे नवे दिवे, सगळे आतून सरळ विजेवरच चालतात. मग तिला आधी उलटसुलट करायची, आणि प्रत्येक यंत्राने पुन्हा ती सरळ करून घ्यायची, हा उद्योग कशाला? "आपल्याकडे जमिनीच्या व्यवहारात कसा दलाल मधे बसतो, तसा हा मधला खर्च. दर वेळी थोडी वीज त्याच्या खिशात." हे तो इतक्या वेळा, इतक्या लोकांना सांगायचा की नलूवहिनी आतून पुढचं वाक्य आधीच म्हणून टाकायची. तो चिडायचा नाही. तो अभिमानी होता, बोलघेवडा होता, आणि आपण बरोबर आहोत याची त्याला इतकी खात्री होती की समोरच्यालाही ती वाटायला लागायची.

त्याचं घर कौलारू, वर माडांची सावली. म्हणून सोलरच्या पाट्या बसवायला त्याला माझा स्लॅब हवा होता. आम्ही नुकत्याच पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या होत्या, तो स्लॅब उन्हात तापत पडलेला. पाट्या माझ्याकडे, बॅटऱ्या माझ्या पडवीच्या कोपऱ्यात, आणि तिथून जाड वायर वाडीतून त्याच्या घराकडे. एका बॅटरीवर दोन घरं, म्हणून माझाही मीटर गेला. एक्स्चेंजमध्ये असायची तेवढ्याच दाबाची वीज, तेच त्याच्या हाताला माहीत होतं. पंखे, दिवे, विहिरीचा पंप, लहान फ्रीज, सगळं सरळ विजेवर चालणारं शोधून आणलं. घरातले जुने प्लग काढून दुसरेच गोल खाचांचे बसवले, कुणी चुकून भलतंच यंत्र लावू नये म्हणून. सरळ विजेत अधिक आणि उणे सांभाळावं लागतं, तेव्हा प्रत्येक अधिकच्या टोकावर दादाने वहिनीच्या लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. ती बाटली त्याने परत केली नाही म्हणून वहिनी कितीतरी दिवस कुरकुरत होती. एकदा आमच्या ह्यांनी जुन्या टेबलफॅनच्या तारा उलट्या जोडल्या आणि पंखा उलटा फिरून वारा मागे टाकायला लागला. दादाला बोलवायचं तर बोलणी खावी लागणार, म्हणून हे आठवडाभर पंख्याच्या मागे खुर्ची टाकून वारा घेत बसले! दादाला कळलं तेव्हा तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

मग ते मोठं वादळ आलं. माड झोपले, कौलं उडाली, विजेचे खांब रस्त्यावर आडवे झाले आणि आमच्या बाजूला कित्येक आठवडे अंधार होता. दादाने वादळाच्या आदल्या दिवशी भर वाऱ्यात माझ्या स्लॅबवर चढून पाट्या उतरवून घेतल्या होत्या, ऊन पडल्याबरोबर परत चढवल्या. अख्ख्या आळीत आमची दोन घरं तेवढी उजेडात होती. मोबाईल चार्ज करायला, लहान मुलांचं दूध फ्रीजमध्ये ठेवायला, पाणी न्यायला गाव आमच्या अंगणात. दादाला तेव्हा जमिनीवर पाय टेकवायलाही वेळ नव्हता. सगळ्यांनी वायर ओढून मागितली, त्याने दिली, आळीतली बरीच घरं जोडली गेली. पुढे खांब उभे राहिले, आणि एकेक घर हळूच निघून गेलं. कुणाला मिक्सर हवा होता, कुणाला इस्त्री, कुणाला मोठा टीव्ही. दादा त्यांना 'खांबाची माणसं' म्हणायला लागला. त्या वर्षी खंडेनवमीला, गावातले लोक कोयते आणि नांगर पुजतात त्या दिवशी, आम्ही नेहमीप्रमाणे माझ्या पडवीत बॅटऱ्यांची पूजा केली. हळदकुंकू, झेंडूची फुलं, खोबरं. पूजा झाल्यावर दादाने माझा हात धरून बॅटरीवर ठेवला, वर आपला ठेवला आणि म्हणाला, "सगळे गेले तरी आपण दोघं न्हाय सोडायचं. शपथ घे." मी हसत हसत घेतली. त्याने मात्र अजिबात न हसता घेतली.

ती शपथ मी पाळली. सोपी नव्हती. काशीदला समुद्रावर येणारे पाहुणे पहिला प्रश्न विचारतात तो एसीचा. नाही म्हटलं की गाडी पुढच्या लॉजकडे वळते. "ताई, जागा छान आहे, पण मुलं राहणार नाहीत हो." असं किती जणांनी तोंडावर सांगितलं. खोल्या मे महिन्यात रिकाम्या राहायला लागल्या आणि ह्यांचं-माझं भांडण व्हायला लागलं. निदान स्वयंपाकघरापुरता एक इनव्हर्टर बसवू, मिक्सर तरी चालेल, असं मी एकदा दादाला विचारलं. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी जणू देव्हाऱ्यात चपला घालून गेले. "म्हणजे सरळ वीज पुन्हा वाकडी करायची? मग एवढं केलं कशाला, शुभे?" मी वाटण पाट्यावरच वाटत राहिले. चार खोल्यांच्या पाहुण्यांचं ओलं खोबरं, मिरच्या, कोथिंबीर, सगळं. माझा उजवा खांदा आता वर जात नाही, केस विंचरायला सूनबाई लागते. दादा यायचा, कालवणाचा रस्सा बोटाने चाखायचा आणि म्हणायचा, "मिक्सरचं वाटण मला जिभेला लगेच कळतं. हे खरं." वर कुठून कुठून माणसं घेऊन यायचा. कॉलेजातली मुलं, प्राध्यापक, वर्तमानपत्राचे लोक. त्यांना माझ्या घरातून फिरवायचा, लाल ठिपके दाखवायचा, "पूर्ण घर सरळ विजेवर, बघून घ्या" म्हणायचा. मी चहा द्यायची. मला अभिमानच वाटायचा, खोटं कशाला बोलू?

आमचा दोघांचा एक खेळ होता. गावातली लाईट गेली की वाडीच्या अलीकडून-पलीकडून ओरडायचं. माझ्या पडवीतून रस्त्यावरचे दिवे दिसतात, त्याच्या घरातून दिसत नाहीत. म्हणून सुरुवात माझी असायची. "दादा, गेली त्यांची!" आणि पलीकडून उत्तर यायचं, "जाऊ दे! आपली हाय!" आळीतले लोक वैतागायचे, आम्हांला मजा यायची. गेल्या काही वर्षांत मात्र तोच पहिला ओरडायला लागला. मी रस्त्याकडे मान वळवायच्या आत त्याची हाक यायची, "शुभे, गेली त्यांची!" मी एकदा म्हटलंसुद्धा, "तुझे कान म्हातारपणी तिखट झाले वाटतं." तो म्हणाला, "शेजारपाजारचे पंखे थांबले की शांतता होते ना, ती ऐकू येते मला." किती छान बोलला असं वाटलं होतं मला. हे वाक्य मी पाहुण्यांना सांगायची.

एसीच्या त्या खोलीत त्याच्या उशाशी उभी असताना मला ते आठवलं. दुसऱ्याचा पंखा थांबलेला त्याला कशाला ऐकू येईल? स्वतःच्या डोक्यावरचा थांबायचा. आणि मग एकेक गोष्ट समोर येऊन उभी राहायला लागली. बॅटऱ्या पूर्वी पहाटेपर्यंत बऱ्याच उतरायच्या, अलीकडे निम्म्यासुद्धा उतरत नसत. मला वाटायचं, दादा आपल्या घरात काटकसर करतो, अंधारात बसतो, माझ्या पाहुण्यांना पुरावी म्हणून. एकदा मी त्याला रागावलेही होते, "असा जीव मारून राहू नकोस, एखादा दिवा जास्त लाव." तो म्हणाला होता, "मला कितीशी लागते गो?" मागची खोली बांधली तेव्हा तिला तो अडगळीची खोली म्हणायचा. रोज संध्याकाळी बॅटऱ्यांचं पाणी बघायला तो माझ्याकडे यायचा, त्यामुळे मला तिकडे जायचं कारण उरलं नव्हतं. मी गेलेच तर वहिनी लगबगीने पडवीत यायची आणि तिथेच बसवून घ्यायची. मला ते प्रेम वाटायचं.

तेराव्याची पंगत उठल्यावर भांडी आवरताना मी वहिनीला विचारलं. ओट्यावर मिक्सर उघडाच होता, आता लपवायचं कुणापासून? वहिनीने काही आढेवेढे घेतले नाहीत. "सचिनच्या पोराला घामोळा उठला व्हता बघ, रात रात रडायचा. सून म्हणाली, मी आता सुट्टीत यायची न्हाय. मंग ह्यांनीच सचिनला सांगितलं, मागल्या रस्त्यावरनं मीटर घे, तुझ्या नावावर घे. एकदा आला मीटर का मंग काय, मिक्सर आला, धुवायचं मशीन आलं. पुढली पडवी तेवढी ठेवली तुमच्या बॅटरीवर."

"मग मला का नाही सांगितलं? नातवासाठी केलं म्हणाला असता तर मी काय बोलणार होते?"

वहिनीने हातातलं ताट पुसून उपडं घातलं. "मी म्हटलं व्हतं गो. तर म्हणाले, शुभाला कळला तर ती पण घेईल. मंग माझं एवढं वरसांचं काम दाखवायला एक घर न्हाय ऱ्हायचं."

मला त्या क्षणी काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. तो थकला, हरला, नातवापुढे विरघळला, हे मी हसत सोडून दिलं असतं. पण माझ्या रिकाम्या खोल्या त्याला दिसत होत्या. माझा खांदा त्याला दिसत होता. आमची भांडणं वाडीपलीकडे ऐकू जात होती. हे सगळं बघून, गार खोलीत रात्रीची झोप काढून, तो सकाळी माझ्याकडे माणसं घेऊन यायचा आणि माझं घर दाखवायचा. गेल्या खंडेनवमीलाही आला होता. बॅटरीवर झेंडूचं फूल ठेवून त्याने डोळे मिटले होते, चांगला बराच वेळ. तेव्हा त्याच्या मनात काय चाललं होतं, ते मला विचारायचं होतं... आता कुणाला विचारू?

त्याहून वाईट म्हणजे हे सगळ्या आळीला माहीत होतं. मागच्या रस्त्याने येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तो मीटर दिसत होता, एसीचं बाहेरचं खोकं दिसत होतं. 'खांबाची माणसं' आपसांत किती हसली असतील. आमच्या ह्यांनाही माहीत होतं! मी त्यांना फैलावर घेतलं, म्हटलं, माझ्याशी एवढं भांडलात तेव्हा हे तोंडावर का नाही फेकलंत? ते खाली मान घालून म्हणाले, "तुला दुसरा भाऊ आहे का?" त्यांच्यावर रागवायचं की काय करायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. दुसऱ्याच दिवशी ते म्हणाले, आता तरी मीटरसाठी अर्ज करू या. मी हो म्हटलं. माझ्या पाट्या चालू आहेत, बॅटऱ्या चालू आहेत, दादा जे सांगायचा त्यातलं काही खोटं ठरलेलं नाही. खोटा तेवढा तो निघाला.

वहिनीशी बोलणं झालं त्याच संध्याकाळी मी बॅटऱ्यांच्या पेटीतून पलीकडच्या वायरीचा फ्यूज काढला आणि डब्यात टाकला. त्या वायरीवर त्याच्या घरातला एकच दिवा उरला होता, पडवीतला. दादा तो रोज तिन्हीसांजेला लावायचा. सुपारीच्या खोडांमधून तो पिवळा उजेड दिसला की मला धीर यायचा, दोन घरं तरी आहोत असं वाटायचं. तो लावला जात होता तो मला दिसावा म्हणून, एवढंच. त्या संध्याकाळपासून पलीकडची पडवी काळी राहिली, आणि मला बरं वाटलं.

परवा दिवेलागणीला वारा सुटला आणि गावातली लाईट गेली. सचिन कुटुंब घेऊन परत गेला आहे, घरात वहिनी एकटी. मी पडवीत बसले होते, माझ्या डोक्यावर दिवा होता, पंखा फिरत होता. इतक्या वर्षांची सवय, मी कान देऊन बसले... पलीकडून हाक येणार नव्हती हे माहीत असून. आणि हाक आली. बारीक, घाबरलेली. "ताई गो... आमची गेली!"

दादाच्या तोंडून जे मला कधी ऐकायला मिळालं नाही ते त्याच्या बायकोने एका हाकेत सांगितलं. मी उठले. डब्यातून फ्यूज काढला, पेटीत बसवला. लाल ठिपक्याच्या टोकावर एवढीशी ठिणगी उडाली. वहिनीने बटण चालूच ठेवलं असावं, कारण वाडीपलीकडे लगेच उजेड पडला आणि त्यात ती पडवीच्या पायरीवर बसलेली दिसली, गुडघ्याला मिठी मारून. शेजारी दादाची वेताची खुर्ची होती.

फ्यूज मी परत काढलेला नाही. मीटर आला तरी काढणार नाही, वहिनीला अंधाराची भीती वाटते. पण माझी खुर्ची मी फिरवून ठेवली आहे. तिन्हीसांजेला पलीकडे तो दिवा लागतो, तेव्हा माझी पाठ त्याच्याकडे असते.